एकशे दहा घोडे आणि एक फ्रीज

बेंगळूरला जाऊन आले म्हटल्यावर शाळेतल्या बायकांनी आधी साड्यांचं विचारलं, मग बागांचं. दोन्हींबद्दल मला धड काही सांगता येईना. पंचवीस दिवस राहून मी पाहिलं ते एका घराचं परसू, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतलं एक गॅरेज आणि आनेकलची एक भातगिरणी. "मग गेलीस कशाला?" असं एकीने तोंडावर विचारलं. त्याचं उत्तर स्टाफरूमच्या मधल्या सुट्टीत मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

सांगली सोडताना

माझे वडील, आबा, अडतीस वर्षं ट्रक चालवत होते. शेवटची तीस वर्षं स्वतःचा. मागच्या वर्षी डोळ्यांत काचबिंदू निघाला. दोन्ही बाजूंचं दिसेना झालं, समोरचं तेवढं राहिलं. डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितलं. पण आबा रोज सकाळी उठून अंगणातला ट्रक चालू करायचे, बॉनेटला कान लावून पाच मिनिटं ऐकायचे आणि बंद करायचे. भंगारवाला एकदा टायरांना लाथ मारून बघत होता, त्याला त्यांनी अशा शिव्या घातल्या की तो पुन्हा आमच्या गल्लीत शिरला नाही.

अशात अण्णांचं पत्र आलं. अण्णा म्हणजे माझा आतेभाऊ. माझी आत्या बेंगळूरच्या जुन्या मराठी घरात दिली होती. ते लोक इतक्या पिढ्यांपूर्वी तिकडे गेले की कुठल्या गावचे हे त्यांनाही सांगता येत नाही. आत्या गेली, पण अण्णांनी मामाची ओढ सोडली नाही. पत्रात लिहिलं होतं: इथे रोज चार-पाच तास वीज जाते. लोक रॉकेलवरची छोटी जनरेटरं आणतात, ती डबडी महिन्यात बसतात. मामा, तुमचं इंजन मला द्या. मी त्याचं जनरेटर करतो. मी असेपर्यंत ते माझ्या घरात चालेल.

आबांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "चालंल म्हणतोय न्हवं?" एवढंच विचारत राहिले.

मला त्यात माझी सोय दिसली, हे कबूल करते. ट्रक गेला की आबा त्या अंगणाला चिकटून राहणार नव्हते. आमच्या फ्लॅटमध्ये मी त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली होती. हवेशीर, संडास जोडलेला, खाटेजवळ रेडिओ. मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी जाहीर केलं, की गाडी पोचवायला मीही येणार आणि परत येताना आबांना थेट माझ्याकडे नेणार. आबा हो म्हणाले. निदान मी तसं समजले.

चालवायला महादू नावाचा ड्रायव्हर घेतला. आबांची एकच अट होती, गाडी रिकामी जाणार नाही. अडतीस वर्षांत रिकामी कधी फार लांब नेली नाही, आता शेवटच्या खेपेला नेऊ काय, म्हणाले. मग बेंगळूरच्या बाजारासाठी हळदीची पोती भरली. केबिनमध्ये दोघांच्या मध्ये मी. निपाणीपर्यंत माझी साडी, माझं नाक आणि माझा डबा यांचा रंग एकच झाला होता.

प्रवासाचं फार सांगत नाही. धाब्यांवर ट्रकमधून उतरणारी चष्म्यातली बाई पाहून लोक वाकून बघायचे, आणि चहा मात्र आधी माझ्यापुढे ठेवायचे. महादूची सगळ्यात मोठी अडचण आबा होते. डोळे मिटून बसलेले, पण चढ लागला की, "खालचा गिअर टाक. आता. आता की!" महादू वैतागून म्हणाला, "आबा, रस्ता मला दिसतोय." आबा म्हणाले, "तुला रस्ता दिसतोय रं. तिला काय हुतंय ते ऐकाय येतंय का?" हावेरीच्या अलीकडे रेडिएटरचा पाइप फुटला तेव्हा तोही आवाज आधी आबांनाच आला. माझ्या जुन्या साडीची पट्टी त्यावर बांधून आम्ही पुढचं गॅरेज गाठलं.

तुमकूरच्या जवळ तट्टे इडली खाल्ली. ताटलीएवढी, चपटी, लोण्याचा गोळा घातलेली. आमच्याकडे पाहुण्याला एक इडली वाढली तर वर्षभर बोलणी बसतील. इथे एकच वाढतात आणि दुसरी मागायची हिंमत होत नाही.

अण्णांचं घर

हळद उतरवून, ट्रक पीण्यातल्या गॅरेजात लावून, महादूला परतीच्या गाडीत बसवून आम्ही घरी पोचलो. पद्माअक्का, म्हणजे माझी वहिनी, दारात उभी होती. त्यांच्याकडे वहिनीलाही अक्का म्हणायची पद्धत आहे. "यवा, यवा. मामा, स्वल्प दमानं, पायरी हाय," म्हणत तिने आबांचा हात धरला. त्यांचं मराठी ऐकायला मला फार गोड वाटलं. आमटीला ते सारू म्हणतात, झालं-चालेल या सगळ्याला 'सरी' म्हणतात, आणि मध्येच एखादा शब्द असा जुना काढतात की मला माझी पणजी आठवावी.

अण्णा एका कारखान्यात स्टोअरकीपर. जन्मात त्यांनी ट्रक घेतला नाही, चालवलाही नाही. पण ट्रकचं वेड असं, की देवघराशेजारच्या भिंतीवर कॅलेंडरातून कापलेले ट्रक चौकटीत लावलेले. पद्माअक्का उदबत्ती ओवाळताना दोन्हीकडे ओवाळते की काय, अशी मला शंका होती. मी विचारलं, तर म्हणाली, "हात लांब जातोच की!"

दर रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर तिघे जमतात. अण्णा, पीण्यात गॅरेज असलेले करीमभाई, आणि रंगस्वामी, ज्यांच्या एके काळी दोन लॉऱ्या होत्या. तिकडे ट्रकला लॉरीच म्हणतात. करीमभाईंची हिंदी, रंगस्वामींची कन्नड, अण्णांची सगळ्यांची मिळून एक, आणि त्यात आबांनी अडतीस वर्षं रस्त्यावर गोळा केलेली लॉरीची कन्नड. चौघांचं जे जमलं, ते मी दाराच्या आडून दोन तास ऐकलं.

आमच्याकडे पुरुष असे जमले की राजकारण किंवा जमीन. इथे घोडे. कुठल्या इंजनाचे किती घोडे, घाटात किती उरतात, टर्बो लावून वाढवलेले घोडे खरे की खोटे. रंगस्वामींचं म्हणणं, नव्या गाड्यांचे घोडे कागदावर धावतात. करीमभाई म्हणाले, "घोडा गिनने की चीज नहीं है. चढाई पे जो साथ दे, वो घोडा." मग आबा हळूच म्हणाले, "माझं एकशे दहाचं. पण बारा टन कायद्यानं आणि सतरा टन पोटासाठी घिऊन अनमोडचा घाट चढलंय. तवा दीडशेचं असंल." सगळे खो खो हसले. आबांना असं मिरवताना मी किती दिवसांनी पाहत होते. मला बरं वाटलं.

आणि तिथेच मी तोंड घातलं. पंधरा वर्षं विज्ञान शिकवते, गप्प बसायची सवय गेली आहे. कागद घेतला आणि हिशेब मांडला. फ्रीज, चार पंखे, सहा ट्यूब, टीव्ही. एक किलोवॅट झाला. मिक्सर लावला तर दीड. म्हणजे दोन घोडे. "अण्णा, तुम्हाला दोन घोडे लागणार आणि तुम्ही एकशे दहा आणून बांधताय."

"लागंल तेवढे वापरू की," अण्णा म्हणाले. "घरात जास्तीचा तांदूळ असला तर वाईट काय?"

"आणि उद्या वॉशिंग मशीन घेतलं तर?" रंगस्वामी म्हणाले.

"डिझेल जास्त जाईल," मी म्हटलं.

"जाऊ द्या. ते डबडं बसतं, हे बसणार नाही," अण्णा म्हणाले.

आकडे माझ्याजवळ होते, त्या आकड्यांनी इंजनाचं काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. आणि खरी गंमत ही, की जन्म इंजनांत नाहीतर इंजनांच्या गप्पांत घालवलेल्या त्या चौघांच्याही ते ध्यानात आलं नाही. त्यांनी आयुष्यभर एकच दुखणं पाहिलं होतं, जास्त वजनाचं. स्प्रिंगचे तुटलेले पाटे, तापलेली हेडं, फुटलेले टायर. वजन कमी पडून गाडी आजारी पडते, असं म्हणायची वेळ या देशात कुठल्या ट्रकवाल्यावर आली असेल?

पीण्या

इंजन काढायला आम्ही करीमभाईंच्या गॅरेजात गेलो. पीण्यात दारादारातून लोखंडाचा आवाज येतो. कुठे लेथ, कुठे प्रेस, आणि वीज गेली की सगळं एकदम थांबतं, माणसं बाहेर येऊन बिड्या पेटवतात. आमच्या समोरच दोनदा तसं झालं.

साखळीच्या पुलीवर इंजन वर आलं. ट्रकच्या पोटातून ते बाहेर पडताना मला बघवेना, पण आबा जवळ गेले आणि त्यावर हात फिरवला. वंगणात माखलेला हात त्यांनी धोतराला पुसला. मी ओरडणार होते, नाही ओरडले. उरलेला सांगाडा करीमभाईंनी विकायला ठेवून घेतला. आबांनी त्याच्याकडे एकदाच मान वळवून पाहिलं. "जीव ह्यात हाय," इंजनाकडे बोट करून म्हणाले, "त्यो पत्रा हाय."

अण्णांनी परसात सिमेंटचा चौथरा आधीच घालून ठेवला होता, वर पत्र्याची शेड. पीण्यातूनच जुना अल्टरनेटर मिळवला होता, इंजन फिरलं की वीज तयार करणारा. चार दिवस करीमभाई त्या दोन्हींची जोडणी करत होते. आबा लाकडी खुर्ची टाकून शेजारी बसलेले. दिसत नव्हतं तरी पाना कुठे घसरतो ते त्यांना आधी कळायचं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी वीज गेली आणि अण्णांनी लहान मुलासारखी टाळी वाजवली. इंजन चालू झालं. आधी दिवे पिवळे, मग इतके पांढरे की पद्माअक्काने डोळ्यांवर पदर घेतला, मग करीमभाईंनी रेस बसवली आणि सगळं स्थिर झालं. अख्खी गल्ली काळोखात आणि आमचं घर लग्नघरासारखं. शेजारीपाजारी बातम्या बघायला आले. पद्माअक्काने वीज नसताना मिक्सरवर चटणी वाटली. नुसती तिला वाटता आली म्हणून वाटली. आबा परसात खुर्चीवरून उठलेच नाहीत. जेवायला बोलवायला मी गेले तेव्हा म्हणाले, "आलके, सांगलीपेक्षा हितं चांगला आवाज येतोय." त्या क्षणी मला वाटलं, चला, जिंकलो.

गिझर लावा

पुढचे आठ-दहा दिवस सुखाचे गेले. सकाळी रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, खायला शिकले. तो चावायचा नसतो, सारूत बुडवून गिळायचा. मी पहिल्या दिवशी चावला आणि दिवसभर दात जिभेने साफ करत बसले.

मग एका दुपारी मागच्या घरातल्या कन्नडच्या शिक्षिका हातात पांढरं धोतर घेऊन दारात उभ्या. त्यांच्या यजमानांचं. त्यावर मिरीएवढे काळे चिकट ठिपके. त्या भांडल्या नाहीत, धोतर फक्त उघडून दाखवलं. पद्माअक्काने कॉफी दिली, धोतर ठेवून घेतलं आणि अण्णांना परसात नेलं.

सायलेन्सरच्या सांध्यातून काळा ओशट रस गळत होता. पत्र्यावर, चौथऱ्यावर, खाली तुळशीच्या कट्ट्यावरसुद्धा. आबांनी बोट लावून वास घेतला. "तीन दिस झालं, मला ऐकाय येतंय," ते म्हणाले. "थुंकतंय ते." तीन दिवस त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

करीमभाई आले, टोपी काढून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं ते असं: इंजनाला काम नाही. काम नाही म्हणून आत पुरेसं तापत नाही. तापत नाही म्हणून डिझेल पुरतं जळत नाही, आणि न जळलेलं असं बाहेर येतं. आत रिंगा, पिस्टन, सगळ्यावर काजळी धरली असेल. "सत्रह टन उठानेवाले को आपने एक फ्रिज दिया है," ते म्हणाले. असंच चालवलं तर वर्षभरात संपेल.

मला माझा कागद आठवला आणि लाज वाटली. दोन घोडे, एकशे दहा घोडे, सगळं बरोबर मांडून मी थांबले होते.

अण्णा हरणाऱ्यातले नव्हते. त्यांनी उपाय काढला. काम नाही ना? काम देऊ. आणि मग त्या घरात जे सुरू झालं ते मी दुसऱ्या कुठल्या घरात बघेन असं वाटत नाही. वीज गेली रे गेली की अण्णा ओरडायचे, "गिझर लावा!" भर मे महिन्यात. इस्त्र्या दोन, एक आमची, एक शेजाऱ्यांकडून आणलेली. त्या फरशीच्या तुकड्यावर नुसत्याच तापत ठेवलेल्या. डाव्या-उजव्या घरांना वायरी टाकल्या आणि त्यांनाही बजावलं, सगळं लावा, काही बंद करायचं नाही. रंगस्वामींनी कुठून तरी पाणी तापवायच्या चार कांड्या आणल्या. त्या पाण्याच्या पिंपात सोडल्या. पिंपाला उकळी फुटायची, ते पाणी मोरीत ओतायचं, पुन्हा गार भरायचं. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या गल्लीत!

मी दुपारी दोन वाजता कढत पाण्याने आंघोळ केली, इंजनासाठी. शेजारच्या आजींनीही केली. त्या कधी नव्हे त्या खूश होत्या, त्यांचे आखडलेले गुडघे सुटले.

तिसऱ्या दिवशी वीज ठरल्यापेक्षा तासभर लवकर आली. समोरच्या घरातले पंखे आपोआप फिरले. आणि अण्णांचा चेहरा पडला. पद्माअक्का दारात घाम पुसत उभी होती. तिने अण्णांकडे पाहिलं, वाफा येणाऱ्या पिंपाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे बघा, मला एक सांगा. आमच्यासाठी इंजन आणलंय, का इंजनासाठी आम्ही?"

एवढं करूनही सांध्यातलं गळणं थांबलं नव्हतं. सगळ्या घरांचं मिळून दहा-बारा किलोवॅटच झाले होते. गल्लीभर इस्त्र्या तापवल्या तरी तो घाट होणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आबा म्हणाले, "अण्णा, बंद कर ते."

"मामा, अजून दोन घरं जोडतो—"

"नगं. उपाशी हाय ते. कामाचं घर बघ त्येला."

अण्णांचे डोळे भरले. मी असेपर्यंत चालवीन, असं त्यांनी लिहून दिलं होतं. आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तू मनापासनं केलंस रं. पर मनानं इंजन चालत न्हाई."

आनेकल

रंगस्वामींच्या ओळखीने आनेकलच्या नंजम्मांचा पत्ता लागला. नवरा वारल्यापासून भातगिरणी एकट्या चालवतात. साठीच्या, ठेंगण्या, कपाळावर विभूती, कमरेला किल्ल्या. वीज गेली की त्यांच्या चारही मोटरी थांबतात, आणि बाया रागीची, भाताची पोती घेऊन भिंतीच्या सावलीला तासन्‌तास बसून राहतात. इंजन अल्टरनेटरसकट घ्यायला त्या तयार झाल्या. व्यवहाराचं अण्णा आणि रंगस्वामींनी परस्पर उरकलं.

करीमभाईंनी इंजन खोलून काजळी खरवडली, रिंगा बदलल्या आणि ते आनेकलला नेऊन बसवलं. मग एका सकाळी आम्ही सगळे तिथे उभे. इंजन सुरू झालं. पहिली मोटर जोडली, मग दुसरी. तिसरी जोडताच आवाज एकदम खोल गेला, वर काळ्या धुराचा लोट आला. पण धूर विरला. चौथी जोडली. मला तो आवाज ओळखू आला. लहानपणी आबांच्या मांडीवर बसून घाट चढताना ऐकलेला. मी विज्ञानाची बाई, पण मला रडू आलं.

भाताचं तूस उडायला लागलं, सावलीतल्या बाया पोती ओढत आत आल्या. नंजम्मांनी आबांसमोर हात जोडले आणि त्यांना ताता म्हणाल्या, म्हणजे आजोबा.

गिरणीवरच्या माणसाला मोटरीचं बटण दाबता येत होतं, इंजन ठाऊक नव्हतं. त्याला शिकवायला आबा दोन दिवस राहतो म्हणाले. मी परतीची तिकिटं काढली. दोन.

दोन दिवसांनी त्यांना आणायला मी बसने एकटीच आनेकलला गेले. दुपारची वेळ. आबा गिरणीच्या ओट्यावर बसून नंजम्मांनी वाढलेला मुद्दा गिळत होते, सवय असल्यासारखे. धोतरावर तेलाचे ताजे डाग. शेजारी गिरणीवरचा तो माणूस उकिडवा बसलेला. इंजन चालू होतं. आबांचं जेवणात लक्ष होतं आणि कान तिकडे.

"आबा, पिशवी भरली का? चारची बस आहे."

ते हात धुऊन आले. बाजूचं दिसत नाही म्हणून माझ्या अगदी समोर उभे राहिले. "मी ऱ्हातो हितंच."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि राग आला. काय काय बोलले मी! एकाहत्तराव्या वर्षी, डोळ्यांनी असे, परक्या गावात, परक्या भाषेत, एका बाईच्या गिरणीवर. लोक मला काय म्हणतील? पोरीने बापाला कामाला लावलं म्हणतील. मग आवाज खाली आणून म्हटलं, "तुमच्यासाठी खोली केली आहे मी. पडदेसुद्धा शिवले. माझ्याकडे काय कमी पडणार होतं तुम्हाला?"

"काय बी न्हाई," आबा म्हणाले. "तुझ्याकडं मला काय बी करायला लागणार न्हाई, आलके. त्येचंच भ्या वाटतंय."

नंजम्मांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी मला एक स्टूल पुढे केलं आणि म्हणाल्या, "कूतकोळ्ळी, अम्मा." बसा, बाई.

मी बसले. मग पर्समधून डोळ्यांच्या थेंबांची नवी बाटली काढली आणि नंजम्मांना खुणेने सांगितलं, सकाळी एक, रात्री एक. दोन्ही डोळे. चुकवायचं नाही. त्यांनी बाटली कमरेच्या किल्ल्यांशेजारी खोचली. आतून खडखड ऐकू आली तसे आबा, "आलोच," म्हणून उठले आणि भिंतीला हात लावत आत गेले. मला निरोप द्यायला ते थांबले नाहीत. त्यांना काम होतं.

चारच्या बसने बेंगळूर गाठून मी रात्रीच्या सांगलीच्या गाडीत बसले. दुसरं तिकीट मी परत केलं नाही. रात्रभर शेजारची जागा रिकामीच ठेवली. दोघांनी मागितली, दोघांनाही नाही म्हणाले.